जिन्यातला माइक

१

दुसऱ्यांचा गोंगाट नीट ऐकू येईल असा करून देणं, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. लोक तळघरात येतात, मन भरेपर्यंत आदळआपट करतात आणि मी काचेच्या अलीकडे बसून त्यातला कोणता आवाज पुढे आणायचा, कोणता मागे ढकलायचा ते ठरवते. या उद्योगापायी माझे कान अर्धे कामातून गेलेत असं आई म्हणते. गेलेले नाहीत. गेले असते तर बरं झालं असतं.

तळघराची रचना आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. वर गालिच्यांचं गोदाम आहे. गोदामाच्या बाजूने जिना खाली उतरतो आणि एका जाड दाराशी संपतो. त्या दारामागे एक इवलीशी जागा, आवाज अडवण्यासाठी मुद्दाम मोकळी सोडलेली. तिला आम्ही कपाट म्हणतो. कपाटात एकच माणूस मावतो. दोघं शिरलेच तर एकाच्या शर्टाची बटणं दुसऱ्याला टोचतात. कपाटातून डावीकडच्या दाराने माझ्या खोलीत जायचं, तिथे आवाज कमीजास्त करायचा मिक्सर आणि माझी खुर्ची. समोरच्या दाराने वाजवायच्या खोलीत. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत मोठी काच आहे. तिन्ही दारं आपोआप बंद होतात आणि बंद होताना थकल्यासारखा लांब सुस्कारा टाकतात. तो सुस्कारा ऐकल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही, हा इथला पहिला नियम.

माझा भाऊ ड्रम वाजवतो. लहानपणी त्याने घरातल्या डब्यांची जी वाट लावली त्यावरून त्याचं नाव ठोक्या पडलं, ते अजून सुटलेलं नाही. गिटारवर त्याचा मित्र लांब्या. हा इतका उंच आहे की जिना उतरताना त्याला मान वाकडी करावी लागते. आणि गाणारी धाकटी, आम्हा भावंडांतली शेंडेफळ.

त्यांचं एक गाणं होतं. गाणं कसलं, बहुतेक सगळी वाट बघणंच. गिटारवर एकच जड, संथ सुरावट, तीच पुन्हा, तीच पुन्हा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी अडकलंय. मग लक्षात येतं की प्रत्येक फेरीत एखादी गोष्ट वाढतेय. एकदा ड्रमच्या थाळीचा आवाज, एकदा दुसऱ्या पायाचा ठोका, एकदा गिटारची आणखी एक तार. डोक्यावर पोत्यावर पोतं चढत जावं तसं होतं, आणि ऐकणारा मनातल्या मनात म्हणायला लागतो, आता सोडा एकदाचं.

सोडायचं कधी, ते धाकटी ठरवायची. ती जिन्यात वरच्या पायरीवर बसून राहायची. मनात आलं की उठायची, जिना उतरायची, कपाटातून आत येऊन माइकसमोर उभी राहायची. ती दिसली की ठोक्या मान वर करायचा आणि गाणं उलटायचं, अडवून धरलेलं सगळं एकदम सुटायचं. तोवर या दोघांनी फेऱ्या घालत राहायचं. किती, ते कोणी मोजायचं नाही.

वाजवायच्या खोलीचं दार तिला मी उघडून द्यायचे. त्याची मूठ खडखडते. दोन्ही हातांनी घट्ट धरून फिरवली तरच आवाज होत नाही, आणि ती युक्ती फक्त मला साधलेली. या गाण्यात माझा सहभाग एवढाच. मी दार उघडायचे, आत यायचं तिने. जाता जाता ती माझ्या कानाला चिमटा काढायची.

तिची पावलं उतरताना ऐकू यावीत म्हणून जिन्यात एक माइक टांगला होता. मिक्सरवर त्या माइकचा आवाज वरखाली करायच्या सरकत्या पट्टीखाली मी चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, धाकटी.

थंडीत ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. चिकटपट्टी काही माझ्याने काढवली नाही.

२

त्यानंतर ठोक्याने बोलणंच टाकलं. जेवायला बसायचा आणि ताटाकडे बघत राहायचा. एक दिवस आपण होऊन म्हणाला, "ताई, ते गाणं रेकॉर्ड करू."

"गाणार कोण?"

"कोणी नाही. नुसतं वाजवू."

"मग उलटायचं कधी ते कसं कळणार?"

"कळेल," तो म्हणाला.

मला ते पटलं नव्हतं, पण तो दोन वाक्यं सलग बोलला याचाच आनंद इतका झाला की मी हो म्हणून मोकळी झाले.

भर दुपारी आम्ही सुरुवात केली. मी नेहमीसारखी सगळ्या माइकवरची फडकी काढली, सगळ्या वायरी जोडल्या. जिन्यातलीसुद्धा जोडली. सवयीने हात तिकडे गेला. दाराचा सुस्कारा झाला, मी बोट वर केलं आणि काचेपलीकडे दोघं सुरू झाले.

वाजवताना ठोक्याची मान खालीवर होते. या संगीतात सगळ्यांचीच होते, हो हो म्हटल्यासारखी. धाकटी त्याला होयबा म्हणायची. त्या दिवशी त्याचे केस पुन्हा तसे पुढेमागे उडताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं आणि मिक्सरकडे बघितलं, तर चिकटपट्टीवरचा दिवा लुकलुकत होता.

जिन्यात कोणी नव्हतं. निदान असायला नको होतं. मी बाकीचे आवाज कमी केले आणि ती एकच पट्टी वर सरकवली. हेडफोनमध्ये ड्रमचा लांबून येणारा घुमारा आणि त्यात एक पाऊल. मग काही नाही. पुढच्या फेरीत त्याच जागी पुन्हा एक पाऊल, एका पायरीने खाली.

मी उठून कपाट ओलांडलं, जिन्याचं दार उघडलं. जिना रिकामा होता. वर गोदामात हमाल गालिचे खाली टाकत होते, धप्प, धप्प. मी स्वतःलाच हसले. इतकी वर्षं या धंद्यात काढून शेवटी गालिच्याला घाबरले. परत येऊन बसते तोच लांब्याची तार तुटली आणि सगळं अर्ध्यावर थांबलं.

३

दुसऱ्या दिवशी मी ते रेकॉर्डिंग ऐकायला बसले. गालिचा कधीही पडतो. हमाल काही गिटारच्या फेऱ्या ऐकून गालिचे टाकत नाहीत. पण पाऊल प्रत्येक फेरीत अगदी त्याच जागी होतं, तिसऱ्या ठोक्यानंतर लगेच. अशी वेळ कोणाकोणाला साधते ते मला ठाऊक आहे, आणि ते सगळे माझ्याच घरातले होते.

खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. धाकटी येतेय असंच वाटलं. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला, अगदी वेड्यासारखा. मग एक गोष्ट खटकली. धाकटी चपला फरफटत चालायची. त्यावरून तिने आईची आयुष्यभर बोलणी खाल्ली. हे पाऊल उचलून ठेवलेलं होतं, जपून, अंधारात कोणी पायरी चाचपत उतरावी तसं. आणि ते अनवाणी होतं.

पुढच्या रेकॉर्डिंगला मी गोदामाच्या सुट्टीचा दिवस निवडला. वर चिटपाखरू नव्हतं. पहिल्या काही फेऱ्या जिन्याची पट्टी शांत राहिली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग पाऊल वाजलं. मागच्या वेळी जिथे थांबलं होतं त्याच्या खालच्या पायरीवर.

पुढच्या फेरीत दोन पावलं वाजली. एक खाली आणि एक पार वर, जिन्याच्या तोंडाशी. त्याच्या पुढच्या फेरीत आणखी एक वाढलं. गाण्याची रीतच ती होती, फेरीगणिक एक गोष्ट वाढवायची. मी थाळ्या ऐकत होते, गिटार ऐकत होते, आणि त्यांच्याखाली जिना भरत चालला होता.

मी सगळं बंद केलं. काचेपलीकडे ठोक्या काठ्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या कानांवर हेडफोन होते, आणि मी जे ऐकते तेच त्याच्या हेडफोनमध्ये जातं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"का थांबवलंस?" तो माइकमध्ये म्हणाला. "येत होती ना."

४

घरी मी यातलं काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. आमच्या घरात आता चारऐवजी तीन ताटं पुसली जातात, आणि त्यातलं एक तर न वापरताच पुसलं जातं.

"तो तिकडेच झोपतो का गं?" तिने विचारलं.

"कधीकधी."

"खोटं बोलू नकोस. अंथरूण मीच घालते त्याचं, मीच उचलते. सुरकुतीसुद्धा पडत नाही." तिने ताट मांडणीत सरकवलं. "मला एकच सांग. तुझा शब्द तो ऐकतो की नाही?"

"ऐकायचा."

"मग त्याला वर घेऊन ये. एक गेली माझी. हा जिवंत आहे आणि तळघरात बसलाय. मला त्याचं गाणंबिणं नको. तो मला इथे हवा, या पाटावर, जेवताना. कसंही कर, पण आण."

आई सहसा काही मागत नाही. मी आणते म्हटलं.

५

लांब्याने काढता पाय घेतला तो असा. एक दिवस तो तार बदलायला माझ्या खोलीत आला आणि मी चहा घेऊन येईपर्यंत त्याने माझे हेडफोन लावून जिन्यातलं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. मी परत आले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता आणि पहिल्यांदाच न वाकता उभा होता.

"हे एका माणसाचं चालणं नाही," तो म्हणाला.

"माइकमध्ये काहीतरी बिघाड आहे. वायर बदलायची आहे."

"ताई, मला शिकवू नका. बिघाडाला पाय नसतात." त्याने गिटार पेटीत ठेवली. "मी वाजवतो तेव्हा मागून ढकलल्यासारखं वाटतं. मला वाटायचं, दुःखाने वाटतंय. तुम्ही पण चला वर. त्यालाही घ्या."

तो मान वाकडी न करताच जिन्यावर धावला. वर कुठेतरी त्याचं डोकं आपटल्याचा आवाज आला, पण तो थांबला नाही.

मी वाजवायच्या खोलीत जाऊन ठोक्याजवळ बसले. त्याच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्या पट्ट्यांवर नव्या पट्ट्या. त्याच्या बसण्याच्या जागेसमोरच खोलीचं दार आहे. दाराला तळहाताएवढी काच आहे, आत काम चालू आहे का ते बाहेरून बघायला. तो माझ्याकडे न बघता त्या काचेकडे बघत होता.

"लांब्या गेला," मी म्हटलं. "आता पुरे कर. आई वाट बघतेय."

"लांब्याची गिटार रेकॉर्ड झालेली आहे. ती कानात लावून मी वाजवीन."

"ती धाकटी नाही रे."

"माहितेय. पुढे जे आहेत ते कोणीतरी दुसरेच आहेत." हे तो अगदी सहज म्हणाला. "ती मागे असेल. तुला माहिती नाही का तिची सवय? शाळेच्या रांगेत शेवटी, जेवायला शेवटी. स्वतःच्या वाढदिवसालासुद्धा सगळे आल्यावर आली होती. थोडं थांबावं लागेल, ताई. मी थांबलो तर ते सगळे जिथे आहेत तिथेच अडकतात. मग ती कशी येणार?"

त्याच्या आवाजात वेड नव्हतं. वेड असतं तर मी डॉक्टर गाठला असता. तो धाकटीला आणायला स्टेशनवर आला होता आणि गाडी उशिरा येतेय, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि रडले. तो रडला नाही. माझ्या पाठीवर त्याची बोटं तीच फेरी वाजवत होती.

६

त्या दिवशी मी त्याला कसंबसं घरी नेलं. सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं.

मी पोहोचले तेव्हा सकाळचं स्वच्छ ऊन होतं. गोदामाच्या दारात हमाल बिड्या ओढत गप्पा मारत होते. जिना रिकामा. उतरताना मी मुद्दाम पाय आपटत उतरले, स्वतःला धीर यावा म्हणून. जिन्याचं दार मात्र जोर लावून ढकलावं लागलं. आत हवा कोंडली की असं होतं. कपाटातला दिवा गेला होता आणि तिथे उबारा होता, बंद जागेत असतो तसा. मी चटकन डावीकडे वळून माझ्या खोलीत शिरले.

काचेपलीकडे ठोक्या वाजवत होता. अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला, पट्ट्यांमधून रक्त येऊन काठ्या तांबूस झालेल्या. मी माझ्या बोलायच्या माइकची पट्टी वर करून म्हटलं, "ठोक्या, मी आलेय. थांब आता." तो थांबला नाही.

मी जिन्याच्या माइककडे बघितलं. चिकटपट्टीवरचा दिवा विझलेला होता. पट्टी पार वर ढकलली तरी आवाज नाही. रिकाम्या जिन्यात ड्रमचा घुमारा तेवढा येत होता. क्षणभर जिवात जीव आला. मला वाटलं संपलं, गेलं जे काय होतं ते. मग वाटलं, जिना रिकामा आहे म्हणजे सगळे उतरून झालेत. हा विचार मी मनातून झटकून टाकला, कारण आत्ताच मी कपाटातून चालत आले होते आणि तिथे अंधार सोडून काही नव्हतं.

मी त्याच्या कानातली गिटार बंद केली. तो गिटारशिवाय वाजवत राहिला. मी मिक्सर बंद केला, भिंतीवरचं मुख्य बटण खाली पाडलं. वाजवायच्या खोलीतला त्याचा एक दिवा वेगळ्या जोडणीवर होता, तो तेवढा राहिला. ड्रमला वीज लागत नाही. काचेतून आता नुसता धक्का येत होता, छातीला जाणवणारा, फेरीमागून फेरी, आणि प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा जड. वाढवायला त्याच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं. दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळं लावून झालं होतं. तरीही पुढची फेरी वाढीव येत होती.

मी काचेवर हात आपटले. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग समोर दाराकडे. त्याची मान हलत होती. केस डोळ्यांवर चिकटले होते आणि तो ते झटकत असावा, कारण मान आज खालीवर न होता आडवी होत होती. या बाजूला, त्या बाजूला. दमलाय, असं मला वाटलं. मान उचलायचीही ताकद उरलेली नाही.

आत जाऊन सरळ हात धरावेत असंही मनात आलं. पण मी त्याला ओळखते. आज धरलेले हात उद्या सुटले असते आणि तो पुन्हा इथे येऊन बसला असता. त्याला कोणी थांबवून उपयोग नव्हता, त्याला शेवट हवा होता. आणि या गाण्याचा शेवट एकाच गोष्टीने होतो. कोणीतरी दारातून येऊन माइकसमोर उभं राहिलं की त्याची मान वर होते, हात आपोआप उलटतात. इतक्या वर्षांची सवय, डोकं नाही म्हणालं तरी हात ऐकतील. एकदा शेवट झाला की काठ्या खाली पडतील, मी त्याला खांद्याला धरून वर नेईन आणि आईच्या पाटावर बसवीन.

धाकटीची जागा घ्यायची, एवढंच करायचं होतं. मला गाता येत नाही. नुसतं उभं राहायला गाणं कशाला यायला हवं?

७

मी माझ्या खोलीचं दार उघडून कपाटात पाऊल टाकलं. मागे दाराने सुस्कारा सोडला आणि मिट्ट काळोख झाला. समोरच्या दाराच्या काचेतून त्याच्या दिव्याचा उजेड यायला हवा होता. तो येत नव्हता, काचेसमोर काहीतरी असावं तसा. वाट कळावी म्हणून भिंतीला हात टेकायला गेले, तर हाताला भिंत लागली नाही.

कपाट मी रोज ओलांडते. हात अर्धाच उचलला तरी कोपर घासतं. मी हात पूर्ण पसरला, मग दुसराही पसरला. दोन्ही बाजूंना काही नव्हतं. पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं, मग आणखी, आणि दार येईना. ड्रमचा आवाज समोरून येत होता, लांबून, एखाद्या मोठ्या दालनाच्या दुसऱ्या टोकाहून यावा तसा. उबारा मात्र अंगाला लागून होता. आजूबाजूला कोणी श्वास घेत नव्हतं. श्वास रोखून धरल्यावर जशी शांतता होते तशी ती होती, आणि ती एकाच जणाची नव्हती.

भोवळ आलीय, मी स्वतःला सांगितलं. सकाळपासून पोटात काही नाही. अंधारात अंतराचा अंदाज चुकतो, हे कोणालाही विचारा. असं बडबडत मी चालत राहिले. मी माघारी फिरले नाही याचं कारण शौर्य नाही. मागे वळण्याची हिंमत नव्हती आणि पुढे माझा भाऊ होता.

शेवटी हाताला मूठ लागली. काच पुन्हा उजळलेली दिसली, कोणीतरी बाजूला होऊन मला वाट दिली असावी तशी. मी मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली, हळूच फिरवली आणि आवाज न करता दार उघडलं. नेहमी उघडते तसंच.

तेव्हा माझ्या कानाला कोणीतरी चिमटा काढला. हलकेच, पण बोटं चुकत होती. कान कुठे असतो ते ज्याला नक्की ठाऊक नाही, त्याने शोधून काढावा तसा तो चिमटा होता.

८

मी धावतच माइकसमोर जाऊन उभी राहिले आणि ठोक्याकडे तोंड केलं.

त्याने मान वर केली. हातांनी सवयीने ऐकलं आणि गाणं उलटलं. इतके दिवस साचलेलं सगळं त्या एका ठोक्यात सुटलं, जमीन हादरली, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. झालं, मला वाटलं. आणलं मी त्याला.

पण तो थांबला नव्हता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. ड्रमच्या आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ज्या भावाला मी बोलायला शिकवलं त्याच्या ओठांवरचं मला वाचता येतं. "ताई, नको उघडू म्हणत होतो. मान हलवून सांगत होतो."

आणि त्याची मान अजून हलत होती, आडवी. आता ती कशासाठी हलतेय ते मला कळलं. त्याची नजर दारापासून निघायची, माझ्या मागे काहीशी पुढे सरकायची, थांबायची, आणि मान हलायची. मग पुन्हा दाराकडे, पुन्हा एका नव्या जागेवर, पुन्हा नाही. गर्दीत आपलं माणूस शोधताना आपण एकेक चेहरा बघून सोडून देतो, तसा तो बघत होता. ही नाही. हीसुद्धा नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण भीतीच्याही वर अजून ती आशा होती, आणि तीच मला बघवेना.

मी मागे वळले नाही. ड्रमच्या चकचकीत पितळी थाळीत माझं वाकडंतिकडं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे मोकळी खोली दिसायला हवी, तिथे मोकळं काही नव्हतं. थाळी हलत होती म्हणून त्यापलीकडे काही सांगता येणार नाही. सांगायचंही नाही.

मी त्याच्या डोळ्यांवर डोळे रोखून उभी राहिले आणि एका आवाजाची वाट बघत राहिले. दार मी सोडून दिलं होतं. आपोआप बंद होणारं दार आहे ते, एव्हाना सुस्कारा व्हायला हवा होता. तो झाला की समजायचं, आत यायचे होते ते सगळे आले. मग मागे कोणी उरलं नाही, म्हणजे ती नव्हतीच, हे त्यालाही कळेल आणि त्याचे हात थांबतील.

थाळीतलं माझं प्रतिबिंब दिसेनासं झालं, तरी सुस्कारा झाला नाही. कोणीतरी दार धरून ठेवलं होतं, मागून येणाऱ्यांसाठी.